पूजेत न ठेवलेली डिस्क

सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. राजवाड्यामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, क्षितिजा शितोळे टेबलाखाली वाकून कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर काढत होती. कॉम्प्युटरवर कालच्या दसऱ्याची झेंडूची माळ तशीच होती. पडद्यावर इंग्रजीत खंडणीची मागणी होती आणि एकही फाइल उघडत नव्हती.

क्षितिजा छोट्या व्यावसायिकांचे कॉम्प्युटर सांभाळते. राजेंद्र नगरातल्या घरातून एकटीच काम करते. दवाखाने, औषधांची दुकाने, भंवरकुआं भागातले कोचिंग क्लास हे तिचे ग्राहक. उदयसिंह फणसे यांचा भरतकामाचा कारखाना त्यातलाच एक. इथल्या मशीन कॉम्प्युटरवरच्या डिझाइनवर चालतात. फाइल नसेल तर सुई हलत नाही. एका लग्नाच्या लेहंग्यांचे अर्धे पट्टे भरून झाले होते, उरलेले सोमवारी द्यायचे होते. डिझाइन नव्याने काढले तर टाक्याला टाका जुळला नसता, आणि ऑर्डर परत आली असती.

"बॅकअपच्या डिस्क?" तिने विचारले.

"या काय, दोन्ही," शेजारी उभे असलेले उदयसिंह म्हणाले.

दोन्ही कॉम्प्युटरलाच जोडलेल्या होत्या. दोन्ही लॉक झालेल्या. एक डिस्क कारखान्याच्या कपाटात, दुसरी घरी, आणि दोन्ही एका वेळी कधीच जोडायच्या नाहीत, हा तिचा नियम वर्षभर पाळला गेला होता.

"घरची इथे कशी आली?"

"खंडेनवमी होती ना, क्षितिजाजी. आम्ही सगळी हत्यारं एकत्र पुजतो. पणजोबांची तलवार, कैच्या, पेनड्राइव्ह, डिस्क. एक घरी टाकून कसं चालेल?"

"ठीक. पण जोडल्या कशाला?"

"दसऱ्याला प्रत्येक हत्यार थोडं चालवतात. मुहूर्त असतो."

क्षितिजाने कारखान्याची मेल तपासायला आपला लॅपटॉप काढला. त्यावरही कुंकवाचा ठिपका होता. नवमीच्या आदल्या दिवशी कुरिअरच्या नावाने आलेली मेल इथे कोणीतरी उघडली होती. नवमीला कॉम्प्युटर बंद होता. दसऱ्याला तो सुरू झाला, तेव्हा सगळ्या प्रती त्याला जोडलेल्या होत्या.

"तलवारीचं बरं, व्हायरस लागत नाही, भिया," मशीन चालवणारे नाना दारातून उदयसिंहांना म्हणाले.

"नाना, तुम्ही खाली जा," उदयसिंह म्हणाले. मग क्षितिजाकडे वळून, "पैसे देऊन टाकू का यांना?"

"दिल्यावर फाइल मिळतीलच याची गॅरंटी कोण देतो? आधी सायबर पोलिसांत तक्रार करा." तिने पडद्याचा फोटो काढला.

उदयसिंहांची पत्नी मंजिरी चहा घेऊन आली होती. ती कप हातात धरूनच उभी राहिली. "ती तडा गेलेली डिस्क चालेल का?"

"कोणती?"

"गणपतीत माझ्या हातून पडली ती. तुम्ही नवी घ्यायला लावली आणि जुनी नष्ट करायला मागितली होती. द्यायची राहून गेली. तडा गेलेली वस्तू पूजेत ठेवत नाहीत, म्हणून ती घरीच आहे."

"लेहंग्याचं डिझाइन कधी पक्कं झालं?"

"गणपतीतच," उदयसिंह म्हणाले. "पार्टीने ऐन वेळी बुट्टा बदलला. चार पाकळ्यांच्या पाच केल्या."

"डिस्क पडण्याआधी की नंतर?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. कोणालाच आठवेना.

मंजिरी स्कूटीवरून जाऊन डिस्क घेऊन आली. क्षितिजाने ती आपल्या लॅपटॉपला जोडली, इंटरनेट बंद ठेवून. आतून टक्‌टक् आवाज येऊ लागला. फाइल उघडून बघण्याआधी तिने दुसऱ्या, कोऱ्या डिस्कवर नक्कल उतरवायला घेतली. नक्कल दोनदा अडकली.

"थोडं उघडून बघा ना," उदयसिंह म्हणाले.

"मध्येच बंद पडली तर परत चालू होणार नाही. थांबा."

नक्कल झाली. काही फोल्डर वाचता आले नव्हते. लेहंग्याचे आले होते. उदयसिंहांनी भरलेला पट्टा पडद्याशेजारी धरला. बुट्टा उमटला. मंजिरीने बोट ठेवून पाकळ्या मोजल्या.

"पाच," ती म्हणाली, आणि स्टुलावर बसली.

"बाकीचं?" उदयसिंहांनी विचारले.

"गणपतीनंतरचं गेलं. आज सगळं पुसून नव्याने बसवते. तोवर मशीनला काही जोडायचं नाही."

"आणि पुढच्या खंडेनवमीला?"

"घरच्या डिस्कची पूजा घरी."

उद्या शनिवार. कारखाना नऊला उघडेल. त्याआधी मंजिरी नव्या बॅकअपची एक डिस्क घरच्या कपाटात ठेवून येईल.