बोन्सायवाले आजोबा

जपानमधल्या इचिकावात आमच्या शेजारचे आजोबा रोज सकाळी अंगणातल्या बोन्सायना पाणी घालत. मी दिसले की म्हणत, "ही कला मूळची चीनची बरं का! तिथल्या एका जुन्या थडग्यात चित्र आहे. सेवकाच्या हातात थाळी, थाळीत दगड आणि इवली झाडं." ती जपानची म्हणून मिरवणं त्यांना खपत नसे.

एकदा झाडं माझ्यावर सोपवून ते लेकीकडे गेले आणि त्यांच्या वडिलांच्या वेळचा पाइन माझ्या हातून पडला. कुंडी फुटली. ते परतल्यावर मी रडवेली होऊन सगळं सांगितलं. त्यांनी बोटांनी मुळं चाचपली.

"झाड जगेल."

माझा जीव भांड्यात पडला.

"मुळं केव्हाची कोंडली होती," ते हळूच म्हणाले. "पण वडिलांची कुंडी. बदलायचा मलाच धीर होत नव्हता. बरं झालं."