कुंपणापलीकडचे विनोदकार

पीएचडी संपून मला जर्मनीतल्या येनामध्येच भिंगं तपासायच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली, मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, आणि फ्लॅटला बाल्कनीसुद्धा नाही म्हणून आम्ही टेकडीच्या उतारावर एक श्रेबरगार्टन भाड्यानं घेतला. इथे फ्लॅटमध्ये राहणारी माणसं गावाच्या कडेला जमिनीचा असा एकेक तुकडा घेतात. त्यात भाजी लावतात, सफरचंदाचं झाड असतं, लाकडी खोपटं असतं. सगळ्या बागांची मिळून एक संघटना असते आणि संघटनेचे नियम पुष्कळ असतात. दुपारी गवत कापायचं नाही. झुडपांचं कुंपण ठरलेल्या उंचीच्या वर जाऊ द्यायचं नाही.

आमच्या शेजारची बाग एका इंग्रज गृहस्थांची आणि त्यांच्या जर्मन बायकोची होती. साठी ओलांडलेले, उंच, जरा वाकलेले. मी मेथी पेरत होते तेव्हा ते कुंपणाशी आले आणि हे काय लावताय म्हणून जर्मनमध्ये विचारलं. मी इंग्रजीत सांगायला लागले, म्हटलं त्यांनाही बरं वाटेल. ते नम्रपणे म्हणाले, "माफ करा, बागेत मी जर्मनच बोलतो. मला ती कामाला लागते."

कसल्या कामाला, ते मला त्यांच्या बायकोनं पहिल्या कॉफीच्या वेळी सांगितलं. "ते विनोद लिहितात," ती म्हणाली, आणि हे वाक्य तिनं एखाद्याला मधुमेह आहे हे सांगावं तशा काळजीनं उच्चारलं.

पुढच्या दोन उन्हाळ्यांत, शेंगा सोलताना आणि सफरचंदं उतरवताना, त्यांची हकिगत मला तुकड्यातुकड्यानं कळत गेली. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावात ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते. ऑफिसच्या नाताळच्या पार्टीसाठी त्यांनी साहेबांवर एक छोटं प्रहसन लिहिलं आणि स्वतःच केलं. साहेब हसले, नोकरी टिकली, आणि तिथून हे वेड लागलं. मग दर हिवाळ्यात दोन मित्रांबरोबर चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम. पैसे कधीच नाहीत, चहा आणि केक. रेडिओला ते विनोद पाठवत राहायचे. एकदा एक लागला. अर्ध्या मिनिटाचा असेल. त्यांच्या आईनं सकाळपासून रेडिओ चालू ठेवला होता, पण नेमक्या त्या अर्ध्या मिनिटात ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. पुन्हा काही त्यांचा विनोद लागला नाही. हे सांगताना ते इतके हसायचे की माझं वाईट वाटणं राहूनच जायचं.

बर्लिनची भिंत पडल्यानंतर इंग्रजी शिकायला तिकडे गेलेल्या एका जर्मन मुलीशी लग्न करून ते येनाला आले. संध्याकाळच्या वर्गात इंग्रजी शिकवायला लागले आणि विनोद जर्मनमध्ये लिहायला लागले. इथल्या पहिल्याच कार्यक्रमात त्यांनी एका शब्दाचं लिंग चुकवलं. सगळा हॉल हसला. त्यानंतरच्या खऱ्या विनोदावर मात्र कोणी हसलं नाही.

"तेव्हा ठरवलं," ते म्हणाले, "चुकीवर मिळालेलं हसू आपलं नाही. आपण लिहिलंय त्याला हसले तरच ते आपलं." तेव्हापासून ते प्रत्येक ओळ बायकोकडून तपासून घेत आणि महिनाभर पाठ करत. तेही कॉफी-केकवर होणाऱ्या एका छोट्या कार्यक्रमासाठी.

हे ऐकताना मला माझीच गोष्ट आठवली. संघटनेच्या वार्षिक सभेत मी एकदा पावसाचं पाणी साठवायच्या पिंपांबद्दल बोलायला उठले होते. लॅबमध्ये इंग्रजी चालतं, त्यामुळे माझं जर्मन दुकानापुरतं आणि मुलीच्या शाळेपुरतं. मी एक शब्द दुसऱ्याच अर्थाचा वापरला. लोक हसले, वाईट हेतूनं नव्हे. पण मी बसले ती बसलेच. त्यानंतर सभेत नवराच बोलायचा. मुलगी घरी माझ्या मराठीला जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि बाहेर मी तोंड उघडलं की हळूच माझा हात दाबायची.

मग एका उन्हाळ्याच्या शेवटी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरतंतूंवर गाठ होती, साधीच निघाली, पण डॉक्टरांनी कित्येक आठवडे एक शब्दही बोलायचा नाही असं बजावलं. गळ्यात मुलांच्या लिहायच्या पाटीएवढा पांढरा बोर्ड अडकवून ते बागेत यायला लागले. सफरचंदांचा मेळावा तोंडावर आला होता. त्यात दरवर्षी त्यांचा एक कार्यक्रम असायचाच.

त्यांची बायको आमच्याकडे आली. "तुम्ही वाचाल का त्यांचं?"

"मी? तुम्ही का नाही?"

"मला वाक्य संपायच्या आत हसू येतं. लग्न झाल्यापासून येतंय."

मी म्हटलं, "माझ्या उच्चारांना हसतील हो लोक."

मागे ते उभे होते. त्यांनी बोर्डवर लिहिलं: "उच्चार तुझा आहे, ती चूक नव्हे. चुका आपण काढू." आणि खाली, "डू?"

"आता डू म्हणा, असं विचारतायत," बायकोनं सांगितलं. इथे 'सी'वरून, म्हणजे 'तुम्ही'वरून, 'डू'वर, म्हणजे 'तू'वर, येणं म्हणजे घरातलं माणूस होणं. मी मान डोलावली. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे माझ्या मनाच्या जिभेवरही येईना. मग तोंडानं डू म्हणत राहिले आणि आत अहो-जाहोच ठेवलं. अजूनही तसंच आहे.

दर शनिवारी त्यांच्या खोपट्यात तालीम व्हायची. ते टेबलाशी चमचा घेऊन बसत. चमचा वाजला की थांबायचं, पुन्हा वाजला की पुढे. मी घाईनं ओळ संपवायची, आणि ते डोळे मिटून घ्यायचे, जणू काही फुटलंय. मला वाचायचा होता तो विनोदी तुकडा कुंपणाची उंची मोजायला आलेल्या अध्यक्षांपुढे एक बागवाला आपली बाजू मांडतोय, असा होता. पहिली ओळ: "माझं कुंपण नियमापेक्षा उंच नाही." चमचा. दुसरी ओळ: "जमीन खाली गेली आहे." या दोन वाक्यांमधल्या जागेवर आम्ही अख्खा शनिवार घालवला. लवकर बोललं तर ती नुसती माहिती वाटायची, उशिरा बोललं तर मी विसरले असं वाटायचं. लिंग-विभक्ती त्यांची बायको दुरुस्त करायची आणि प्रत्येक वेळी वाक्य संपायच्या आत हसायची. तिनं खोटं सांगितलं नव्हतं.

मेळाव्याच्या रविवारी दुपारी संघटनेच्या हॉलमध्ये केक मांडले होते. येताना ट्रॅममध्ये मुलगी म्हणाली, "मामा, बिटे लांगझाम," म्हणजे आई, सावकाश बोल. मी पुढे जाऊन उभी राहिले. ते बाजूला, कॉफीच्या मोठ्या किटलीपाशी बसले होते. चमचा त्यांच्या हातात नव्हता.

"माझं कुंपण नियमापेक्षा उंच नाही," मी म्हटलं. कोणाच्या तरी बशीवर काटा वाजला, तो आवाज मी संपू दिला.

"जमीन खाली गेली आहे."

सगळ्यात आधी अध्यक्षच हसले, जे खरोखर टेप घेऊन सगळ्यांची कुंपणं मोजत फिरतात. मग बाकीचे. मी पुढची ओळ म्हटली, की मी जमिनीविरुद्ध संघटनेकडे तक्रार केली, पण जमीन आमची सभासद नाही असं उत्तर आलं, तेव्हा मागच्या बाकावरची एक बाई डोळे पुसत होती. ते हसणं माझ्या उच्चारांवर नव्हतं. फरक लगेच कळतो. एक हसणं आपल्याला बाहेर ठेवतं आणि दुसरं ओढून आत घेतं, आणि मी त्या दुसऱ्यात उभी होते.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. एकेका टेबलावरून त्यांची नजर सावकाश फिरत होती, हसणाऱ्या चेहऱ्यांवरून.

नंतर कपबशा गोळा करताना त्यांनी बोर्डवर लिहिलं: "मी हे पहिल्यांदा पाहिलं."

मला कळेना. मग बायकोनं सांगितलं, स्टेजवर जाताना ते कायम चष्मा काढून खिशात ठेवायचे. कोणी हसलं नाही तर दिसू नये म्हणून. आयुष्यभर त्यांनी हसणं फक्त ऐकलं होतं.

एवढ्यात ती मागच्या बाकावरची बाई माझ्याकडे आली. मी सावध झाले. ती म्हणाली, "खरं सांगा, तुमचं कुंपण किती उंच आहे?" आम्ही बराच वेळ कुंपणांबद्दल बोललो. माझे दोन-तीन शब्द नक्की चुकले असतील. तिनं फक्त "गेनाऊ, गेनाऊ" म्हणजे 'अगदी बरोबर' म्हणत मान हलवली.

त्यांचा आवाज परत आला, पण बारीक आणि खरखरीत. हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचत नाही. त्याबद्दल कुरकुरताना मी त्यांना पाहिलं नाही. ते दोघांसाठी लिहायला लागले: मी बोलणारी आणि ते माझ्या कानात सांगणारे. शेजारच्या दोन-तीन संघटनांनीही आम्हाला बोलावलं. मानधन म्हणून सफरचंदाचा रस मिळतो.

लॅबच्या मीटिंगमध्ये आता मी जर्मनमध्ये बोलते. चुकले तर दुरुस्त करून पुढे जाते. पुढच्या सभेत पिंपांचा विषय मीच पुन्हा काढला आणि पिंपं आली. जे पदवीनं, नोकरीनं, इतक्या वर्षांच्या राहण्यानं मला दिलं नाही, ते एका माणसानं टेबलावर चमचा वाजवून दिलं. त्यांचं नाव कोणाला माहीत नाही, पुढेही होणार नाही. त्यांनी मला फक्त दोन वाक्यांमध्ये न घाबरता उभं राहायला शिकवलं, आणि त्या जागेत माझा केवढा तरी संसार मावला.

आभार मानायचा प्रयत्न मी एकदा केला. भोपळ्याच्या वेलाला आधार देत होतो. मी बरंच बोलले. ते ऐकून घेत होते, आणि मग त्या खरखरीत आवाजात म्हणाले, "छान आहे. पण मधलं वाक्य काढ."

यंदा मी स्वतः एक तुकडा लिहिला, मेथीवर. मुलीनं त्यातल्या चुका काढल्या, तेही मराठीत बोलून, कारण मी मुद्दाम जर्मन समजत नसल्यासारखं केलं. मग मी तो कुंपणापलीकडे दिला. त्यांनी चष्मा चढवला, खुर्ची उन्हात ओढली आणि वाचायला बसले. मी इकडे गवत उपटत राहिले. थोड्या वेळानं त्यांच्या बायकोचं हसू ऐकू आलं. ती त्यांच्या खांद्यावरून वाचत होती.