अप्पांची वाचायला शिकवायची पद्धत

माझे सासरे, अप्पा, हातात आलेला कोणताही कागद आधी वाचत नसत. तो चिमटीत धरून चोळत, कानाजवळ फडफडवत, उजेडासमोर धरून आरपार बघत आणि मग म्हणत, "कागद बरा आहे. आता मजकूर बघू." लग्नपत्रिका असो की डॉक्टरांची चिठ्ठी, सगळ्यांना एकच न्याय. पस्तीस वर्षं ते कागद कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होते. निवृत्त होऊन बुऱ्हाणपुरात आले, तेव्हा तपासायला फक्त घरची माणसं उरली होती.

त्यात माझी मुलगी ओवी साडेचार वर्षांची झाली. तिची शाळा इंग्रजी, गाव मध्य प्रदेशातलं, म्हणजे बाहेर हिंदी. घरात मराठी होती, पण माझा नवरा सुधीर कारखान्याच्या कॉलनीत वाढलेला. त्याचं वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपायचं. मग नात मराठी वाचायला शिकणार कुठे? हा प्रश्न अप्पांनीच काढला आणि उत्तरही त्यांनीच दिलं. घरी, आणि त्यांच्याकडून.

"अप्पा, ती अजून लहान आहे, रहने दो ना," सुधीर म्हणाला.

"शाळा पास करते, वाचायला घर शिकवतं," अप्पा म्हणाले. हे वाक्य त्या वर्षी आमच्याकडे इतक्या वेळा झालं की दूधवाल्यालाही पाठ झालं.

अप्पांची पद्धत अशी होती की प्रत्येक वस्तूवर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची. दार, खिडकी, कपाट, फ्रिज, पाट, पंखा. पंख्यावरची चिठ्ठी बटण दाबताच उडाली, तेव्हा ती भिंतीवर लावून पंख्याकडे बाण काढण्यात आला. एके सकाळी त्यांनी सासूबाईंच्या पदराला 'आजी' अशी चिठ्ठी टाचली. त्या बिचाऱ्या तशाच राजघाटावर तापीची पूजा करून आल्या. घाटावरच्या बायका का हसत होत्या ते त्यांना घरी आल्यावर कळलं. "एक्स्पायरीची तारीख राहिली तेवढी," त्या अप्पांना म्हणाल्या, "ती पण लिहून टाका."

महिन्याभरात ओवी घरभर फिरून एकूण एक चिठ्ठी वाचून दाखवू लागली. अप्पांनी कारखान्यातल्या जुन्या मित्रांना चहाला बोलावलं. त्या सकाळी मी फ्रिज आणि कपाट पुसून काढलं आणि घाईत चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. पाहुण्यांसमोर ओवी फ्रिजपाशी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "फ्रिज." टाळ्या पडल्या. एक गृहस्थ पाणी प्यायला उठले होते, ते चष्मा सावरत म्हणाले, "पण इथे तर कपाट लिहिलंय."

पोरगी चिठ्ठी वाचत नव्हती, वस्तू बघून नाव सांगत होती. अप्पांना हे तिथल्या तिथे कळलं असणार, पण ते शांतपणे म्हणाले, "चिकटवणाऱ्याची चूक आहे," आणि माझ्याकडे पाहिलं. चूक खरंच माझी होती.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या गेल्या आणि पाटी आली. आता रोज संध्याकाळी तासभर अक्षरं. ओवी अक्षरं ओळखू लागली, पण दोन अक्षरं जोडायची वेळ आली की अडायची. अप्पा रद्दी माल बाजूला काढावा तशा तिच्या चुका मोठ्यांदा काढत. संध्याकाळ झाली की ओवीचं पोट दुखू लागलं. सासूबाई म्हणायच्या, इतलीशी पोर, तिची कसली रोज परीक्षा घेता. अप्पा ऐकत नव्हते. एक दिवस त्यांनी पाटी जमिनीवर आपटली. ओवी रडली नाही. खाली बघत हळूच म्हणाली, "आजोबा, तुम्ही ओरडता ना, तेव्हा अक्षरं हलतात."

त्या दिवशी चूक कोणाची, हे अप्पांनी सांगितलं नाही. ते जेवलेही नाहीत. पाटी माळ्यावर गेली. पण ओवी चित्रांची पुस्तकंही उघडेनाशी झाली, आणि मला खरी भीती वाटली ती तेव्हा.

पुढे पावसाळ्यात अप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर वाचायचं नाही, मग नवा नंबर देऊ. अप्पांचे हाल सुरू झाले. जळगावहून येणारं मराठी वर्तमानपत्र समोर पडलेलं, मी आणि सुधीर कामावर, सासूबाई देवघरात. बाहेर तापी चढत होती आणि घाटावर जायला बंदी. शेवटी त्यांनी ओवीला विचारलं, नदीबद्दल काही लिहिलंय का गं? ओवी म्हणाली, मला वाचता येत नाही, माझं चुकतं.

"चुकलं तरी मला कुठे दिसतंय?" अप्पा म्हणाले. "तू सांगशील ते खरं."

हे मला सासूबाईंनी सांगितलं. ओवी बराच वेळ पानावर बोट फिरवत बसली. मग एकेक अक्षर जोडत म्हणाली, "ता-पी-ला पू-र." अप्पा एवढंच म्हणाले, "हं. पुढे?"

महिनाभर रोज सकाळी हेच चाललं. ती वाचायची, चुकायची, आणि अर्थ लागला नाही की आपणच मागे जाऊन दुरुस्त करायची. अप्पा मित्रांना फोनवर सांगू लागले की ही त्यांची नवी पद्धत आहे, पूर्ण विचार करून आखलेली. नवा चष्मा आला, तो त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि "अजून धूसर आहे" म्हणत राहिले. सासूबाईंना शंका होती, कारण या धूसर माणसाला तांदळातला खडा ताटात पडण्याआधी दिसत होता.

एका रविवारी आम्ही सगळे घरात होतो. 'महाराष्ट्र' या शब्दाशी ओवी अडली. दोनदा, तीनदा. अप्पांना राहवलं नाही. मान पुढे काढून ते बोलून गेले, "अगं, ट ला र जोडलाय, ष्ट्र."

ओवीने त्यांच्याकडे पाहिलं. "आजोबा, तुम्हाला दिसतंय."

अप्पा आयुष्यभर दुसऱ्यांना पकडत आले होते. स्वतः पकडले जायची ही पहिलीच वेळ. "थोडं थोडं," ते म्हणाले.

ओवीने पेपर त्यांच्या हातात दिला. "मग उरलेलं तुम्ही वाचा. मी दमले." आणि त्यांच्या मांडीला टेकून बसली. अप्पांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि पान संपेपर्यंत वाचलं, हरवलेल्या गुणपत्रिकेच्या जाहिरातीसकट.

अप्पांना जाऊन आता दोन वर्षं झाली. ओवी तिन्ही भाषा भराभर वाचते. हिंदी आणि इंग्रजी ती मनात वाचते. मराठी मात्र मोठ्यांदा वाचते, आणि पान अर्ध्यावर आलं की थांबून शेजारी जो कोणी असेल त्याच्या हातात देते.