विसळलेला केग

मुलगी जर्मनीत काय करते असं सांगलीत कुणी विचारलं, की आई सांगते, "सॉफ्टवेअरमध्ये आहे." शनिवार-रविवारी काय करते ते मात्र सांगत नाही. कारण शनिवार-रविवारी मी कार्ल्सरूहेतल्या आमच्या इमारतीच्या तळघरात बिअर करते. "लोकांच्या पोरी सुट्टीत भरतकाम करतात, माझी दारू गाळते," हे ती फक्त मला ऐकवते. मी म्हणते, "आई, गाळत नाही गं, आंबवते." "मग काय, इडलीच की," म्हणून ती विषय संपवते.

हा नाद मला लावला तळमजल्यावरच्या आजोबांनी. आजोबा मी मनातल्या मनात म्हणते. तोंडावर सगळं रीतसर, आडनावाने. आयुष्यभर त्यांनी घरची बिअर घरीच केली. आंबवायचं पिंप त्यांचं, भलं मोठं पातेलंही त्यांचं, आणि मतं तर विचारूच नका. बिअरमध्ये पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. पाचवी वस्तू पडली की त्यांच्या लेखी ती बिअर नव्हे, काहीतरी पेय. माझी बिअर ते दर वेळी चाखायचे, दोन घोट घ्यायचे, ग्लास खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "ओला पुठ्ठा." बस्स. इतका संताप यायचा मला! पण खोटं नव्हतं ते. तयार बिअरला हवा लागली की तशीच चव येते. पहिल्या खेपेला तर मी ती पिंपातून केगमध्ये, म्हणजे आमच्या स्टीलच्या उभ्या टाकीत, ताक ओतावं तशी उंचावरून ओतली होती, मस्त फेस आणत. दिसत होती मेली छान.

मग एक दिवस कळलं, आजोबा घर सोडून चाललेत. गुडघे गेले होते, तळघराच्या पायऱ्या उतरवत नव्हत्या, आणि येनाला राहणाऱ्या मुलीने तिच्याजवळ फ्लॅट बघितला होता. ते महिनाअखेरीस जाणार, पण तळघर रिकामं करणारी माणसं त्याआधी एका सोमवारी येणार आणि पिंप त्यांच्याबरोबर जाणार. त्या पिंपात माझी शेवटची बिअर आंबत होती. त्यांच्या निरोपासाठी केलेली. मला फार काही नको होतं. या माणसाने जाण्याआधी माझ्या हातच्या बिअरचा एक ग्लास, फक्त एक, तळापर्यंत संपवावा. बाकी त्यांनी काहीही म्हणावं.

म्हणून या वेळी मी हवेला शिरकावच करू द्यायचा नाही असं ठरवलं. शनिवारी संध्याकाळी केग घासला, निर्जंतुक केला, काठोकाठ पाण्याने भरला आणि सिलिंडरमधल्या कार्बन डायऑक्साइडने ते सगळं पाणी बाहेर ढकललं. म्हणजे आत फक्त गॅस, हवा औषधालाही नाही. सिलिंडर त्यात संपला, पण संपेना का, काम झालं होतं. रविवारी पिंपाच्या तोटीला नळी लावायची आणि बंदच्या बंद केगमध्ये बिअर उतरवायची. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

सकाळी उठून बघते तर आई बाहेरून वर येतेय, हातात वाळलेले कपडे. ती तीन महिन्यांसाठी आली होती आणि बिअरच्या कुठल्याही वस्तूला तिने आजवर बोट लावलं नव्हतं.

"तुझं ते भांडं विसळून ठेवलंय गं," ती म्हणाली.

"कुठलं भांडं?"

"खालचं. स्टीलचं. आज भरायचंय म्हणालीस ना? रात्रभर तळघरात पडलेलं भांडं न विसळता भरतात का कुणी? आणि आतून नासलं होतं बाई. वरची कडी ओढली तर फुस्सकन हवा आली. म्हटलं, काय कोंडलंय देव जाणे. चांगलं दोनदा खळबळून पालथं घातलंय."

मी ओरडले, अगदी खिडकीबाहेर जाईल असं. "आई! तो गॅस मुद्दाम भरला होता! सगळं वाट्टोळं केलंस!"

"मला काय स्वप्न पडलं होतं?" आईही काही कमी नाही. "भांड्यात हवा भरून ठेवणारी तू पहिलीच. मदत करायला गेले हेच चुकलं." तिने कपडे सोफ्यावर टाकले आणि पाठ फिरवून चहा ठेवला. तिची पाठ रागात असली की लगेच कळते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ही बाई आपण होऊन तळघरात गेली होती आणि माझ्या दारूचं भांडं स्वतःच्या हाताने धुऊन आली होती. मग मला रडूच यायला लागलं.

नवरा म्हणाला, "नवीन सिलिंडर आणतो की." रविवारी! या देशात रविवारी दुकानं बंद; पाव मिळतो आणि शांतता मिळते. आणि उद्या सोमवार, पिंप जाणार. नवऱ्याला बिअरमधलं काही कळत नाही, वजन उचलायला तेवढा बरा.

एक उपाय होता आणि तो मला नको होता. बिअरमध्ये अजून यीस्ट जिवंत होतं. त्याला थोडी साखर द्यायची आणि केग गळ्यापर्यंत भरून बंद करायचा. साखर खाताना यीस्ट आत अडकलेली हवाही खाऊन टाकतं आणि वर स्वतःचा गॅस करतं. पण साखर म्हणजे पाचवी वस्तू! लपवणं मला जमलं नसतं, म्हणून मी खाली जाऊन आजोबांच्या दारावरची बेल वाजवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भांडं विसळल्याचा भाग दोनदा.

"त्सुकर," ते म्हणाले. साखर. थोडा वेळ चष्मा पुसत बसले. "तर मग ती बिअर नव्हे." आणि मी वळल्यावर मागून, "पण भरायचीच असेल, तर गळ्यापर्यंत भर."

वर आले तर आई अजून पाठ करूनच उभी. मी म्हटलं, "अर्धी वाटी साखर, थोडं पाणी, उकळून गार करायचंय. करतेस?"

"पाक किती तारी?"

"तार नको. नुसती विरघळव."

चमचा हलवता हलवता तिने हळूच विचारलं, "वेलची?"

"आई!"

"बरं बाई, विचारलं फक्त." आता तिने तोंड माझ्याकडे वळवलं होतं. हसतही होती.

तळघरात जाऊन केग पुन्हा निर्जंतुक केला, तळाशी पाक घातला, झाकण लावलं, नळी जोडली. बिअर तळापासून आवाज न करता चढत गेली. आईने तळवा टाकीला लावून ठेवला होता. बिअर चढेल तसा पत्रा गार लागत जातो. "इथवर आली," ती सांगायची आणि हात वर सरकवायची. आईने सकाळी ओढलेली तीच कडी मी उघडी धरली होती; तिच्यातून फेस बाहेर आला तेव्हा मी सगळं बंद केलं.

"आता उघडायचं नाही?"

"नाही."

"विसळायचं पण नाही?"

आम्ही दोघी त्या ओल्या फरशीवर बसून कितीतरी वेळ हसलो. पुढचे दोन आठवडे केग आमच्या स्वयंपाकघरात होता आणि आई त्याच्याजवळ कुणाला फिरकू देत नव्हती. नवऱ्याने त्यावर हेल्मेट ठेवलं तर त्यालाही बोलणी बसली.

निरोपाच्या दिवशी इमारतीच्या मागच्या अंगणात टेबलं मांडली. आजोबा खुर्चीत, आई त्यांच्या शेजारी, मी केगपाशी. नवा सिलिंडर जोडलेला. मी ग्लास उचलला तर आजोबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, टेबलावर हात टेकत उठले, शेजारच्या गार पाण्याच्या बादलीत बुडवून नीट फिरवला आणि मग तोटीखाली धरला.

"बघ!" आई जवळजवळ ओरडलीच. "बघितलंस? ते पण विसळून घेतात! अहो, हिला सांगा जरा!"

"या, या, गेनाऊ," आजोबा म्हणाले. म्हणजे, हो, हो, अगदी बरोबर. त्यांना एक शब्द कळला नव्हता.

त्यांनी पहिला घोट घेतला. दुसरा घेतला. दुसऱ्यानंतर ग्लास खाली ठेवतात हे मला पाठ होतं, मी टेबलाकडेच बघत होते. ग्लास टेबलावर आला नाही. ते येनाच्या फ्लॅटबद्दल, तिथल्या लिफ्टबद्दल बोलत राहिले, पीत राहिले, आणि मी वर बघितलं तेव्हा काचेच्या आत नुसता फेस ओघळत होता. मिशी पुसून ते मला म्हणाले, "बिअर नव्हे ही."

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

आजोबांनी वाकून रिकामा ग्लास पुन्हा बादलीत विसळला आणि माझ्यापुढे धरला.

"अगं, बघत काय बसलीस," आई म्हणाली, "भर."