दादाचा हात

माझ्या दादाचं सलून होतं. हात थरथरू नये म्हणून तो प्रत्येक दाढीआधी कडक चहा घ्यायचा. थरथर वाढली की आणखी एक. अंथरुणाला खिळलेले बाबा त्याला वस्तरा लावू देत नसत. "गळा कापतोस की काय? जायला अवकाश आहे मला!"

एकदा मी म्हणाले, "दादा, सकाळी चहाआधी तुझा हात स्थिर असतो रे."

तो माझ्यावर चिडला, पण त्याने चहा सोडला. डोकं ठणकायचं तेव्हा भिंतीला टेकून बसायचा. मी देवाला हात जोडायचे. हळूहळू थरथर थांबली.

तोवर बाबांची शुद्ध हरपली होती. दादाने त्यांची दाढी केली, ओरखडाही उठला नाही. मग कानाशी वाकून म्हणाला, "बाबा, बघा की, जमली का?"

त्यांना ऐकू गेलं असावं, एवढंच मी देवाकडे मागितलं.