आरशाचा विमा

दादानं घेतलेली ती गाडी बेला गावातल्या लोकांना दवाखान्याची वाटली. पांढरी, लांबलचक, खिडक्यांना काळ्या काचा, मागे टपावर चढायची शिडी. पहिल्यांदा गावात उभी राहिली तेव्हा एक म्हातारी काठी टेकत दाराशी आली आणि दादालाच विचारू लागली, "शुगर तपासून देता का, बापा?" दादाला ते फार लागलं. मला फार आवडलं. त्या सगळ्या प्रकरणात माझ्या वाट्याला आलेला निखळ आनंद तेवढाच.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मावला गावाकडे शेतं घेऊन प्लॉट पाडतो आणि विकतो. या धंद्यात माणसाला एक दिवस असं वाटू लागतं की आपण राहतो त्या घरात आता मावत नाही. मग त्यानं चाकांवरचं घर घेतलं. आत पलंग, फ्रीज, टीव्ही, संडास, चामड्याच्या खुर्च्या आणि वहिनीसाठी भोवती दिवे लावलेला आरसा. जायचं कुठं होतं? कुठंच नाही. एकदा कुंटाला धबधब्यापर्यंत गेले, तिथं ऊन लागतं म्हणून गाडीतच बसून टीव्ही पाहिला आणि परत आले. धबधबा कसा होता विचारलं तर वहिनी म्हणाली, "एसी मस्त हाय."

आम्हा सीमेवरच्या लोकांना एक खोड आहे. पैनगंगेच्या पलीकडे महाराष्ट्र, अलीकडे आमचं राज्य, दोन्ही काठांवर नातीगोती, त्यामुळे जे काम जिकडे स्वस्त पडेल तिकडे उरकायचं. गाडीचा टॅक्स महाराष्ट्रात कमी बसतो असं दादाच्या कानावर आलं आणि त्यानं ती गाडी नदीपलीकडे दिलेल्या आमच्या बहिणीच्या नावावर काढली. ताई माझ्याहून मोठी, दादाहून लहान. नवरा गेल्यापासून एकटीच नदीकाठच्या वावरात मेथी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवते. त्या वावराशिवाय तिच्या नावावर जगात काही नव्हतं. आता ही गाडी आली. सहीसाठी कागद घेऊन मीच गेलो होतो. हात मातीचे होते म्हणून तिनं ते पदराला पुसले आणि मी बोट ठेवलं तिथं सही केली. काय आहे ते विचारलंसुद्धा नाही.

मग विमा. दादाच्या दिवाणखान्यात एजंट येऊन बसला. गुळगुळीत माणूस. दर वाक्याला 'सेठ' लावणारा.

"सेठ, ज़ीरो डेप तो लेना ही लेना. पत्रा दबला, बंपर तुटला, घसारा कटनार नाही. कंपनी पूरा भरेगी."

"डाल दो," दादा म्हणाला.

"इंजन का अलग आता है."

"वो भी डाल दो."

"आरशाचं काय?" वहिनी आतून ओरडली. "दिवे हायत त्याले."

"अंदर के सामान का भी है, मॅडम. आरसा, सोफा, टीव्ही, सब."

"अन् संडास?" दादानं विचारलं.

एजंट क्षणभर गडबडला. "फिक्स है तो हो जाएगा, सेठ."

संडास फिक्स आहे की काढता येतो यावर मग बरीच चर्चा झाली. ड्रायव्हरला बोलावून विचारलं. तो म्हणाला, साहेब, मी कधी वापरला नाही, तुम्ही वापरू देत नाही. त्या ड्रायव्हरसाठी वेगळं काही घ्यायचं का, असं एजंटनं विचारलं, तेव्हा दादानं हात असा हलवला जसा जेवताना माशीसाठी हलवतो.

शेवटी एजंटनं नेहमीचा प्रश्न टाकला. "गाडी किराये पे तो नहीं देंगे ना? प्रायवेट लिखूं?"

इथं आमच्या भावकीची रीत सांगायला हवी. भावकीत ज्याच्याकडे सगळ्यात मोठी गाडी, नवरी सासरी त्याच्याच गाडीतून जाते. नाही म्हणता येत नाही. भाडं हा शब्द कोणी काढत नाही. पण गाडी परत आली की गाडीवाल्याच्या हातात नारळ देतात आणि नारळाखाली पाकीट असतं. पाकीट किती जाड असावं हे सगळ्यांना माहीत असतं, बोलत कोणी नाही. त्या हंगामातल्या लग्नांना दादानं आधीच शब्द देऊन ठेवला होता.

"भाडं?" दादा दुखावल्यासारखा म्हणाला. "आमी भाडं नाही घेत. मान घेतो."

"मान का कॉलम नहीं है, सेठ," एजंट हसला आणि त्यानं प्रायवेट लिहिलं.

मग दादा माझ्याकडे वळला. "काऊन रे, तू कोर्टातला. बरोबर हाय ना?"

मी कोर्टात कारकून आहे. अपघाताच्या दाव्यांच्या फायली माझ्या टेबलावरून जातात. घरची म्हणून विमा काढलेली गाडी भाड्यानं जाताना कोणाच्या अंगावर गेली तर पुढं काय होऊ शकतं ते मी पाहत आलो आहे. कंपनी जखमी माणसाला पैसे देते आणि मग ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याकडून वसूल करायला निघते. नारळाला कोर्टात कोणी ओळखत नाही. आणि कागदावर गाडी दादाची नव्हती. ताईची होती.

मी म्हणालो, "चालते."

हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. विचारलं असतं तर लक्षात आलं नाही म्हणालो असतो. लक्षात आलं होतं. दादाच्या सोफ्यावर बसून, दादाच्या घरचा चहा पीत, मला त्याचं नाक खाली झालेलं पाहायचं होतं. एखादा दणका बसावा, एखादी नोटीस यावी, भावकीत हसं व्हावं. पहिला दणका ताईला बसेल हेही मला दिसत होतं. मी ते बाजूला सरकवलं, जशी आम्ही पुढच्या तारखेची फाईल सरकवतो. दादा निदान उघडपणे माजला होता. माझा माज गप्प होता.

लग्नं सुरू झाली. गाडी नवऱ्या पोचवू लागली. वहिनी आरशासमोर नवरीला बसवायची आणि सगळ्यांना दाखवायची. परत आली की नारळ, नारळाखाली पाकीट.

मग बेल्याजवळच्या एका लग्नात ड्रायव्हरनं गाडी मागे घेतली. मागे कोण आहे ते काळ्या काचांतून काय दिसणार? मांडवाच्या कडेचा लोखंडी पाइप वाकला, सुटला आणि आचाऱ्याच्या पायावर पडला. उकळत्या तेलाची कढई कलंडली आणि तेल त्याच्या शेजारच्या मातीत गेलं. थोडी इकडे कलंडली असती तर त्याच्या अंगावर. तो खाली बसला, पाय धरून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि सूज येत असतानाच उभा राहून दुसऱ्या कढईत पुन्हा पुऱ्या काढू लागला, कारण पंगत बसली होती. लोक हसले. दादा धावत आला आणि आधी बंपर पाहिला.

"एजंटले फोन लाव रे," तो मला म्हणाला. "ज़ीरो डेप हाय न आपलं."

मी त्या मातीकडे पाहत होतो. ती अजून चरचरत होती. डोळ्यांसमोर फाईल होती आणि तिच्यावर ताईचं नाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदी ओलांडून गेलो. ताई मेथीच्या जुड्या बांधत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हंजे दादाच्या गाडीखाली मानूस आला त मह्यं वावर जाईन?"

"जाऊ शकते."

"अन् तुले हे तवाच माईत होतं?"

"हो."

"मंग बोलला काऊन नाही?"

"दादाची जिरावी वाटत होतं."

तिनं जुडी पाण्यात बुडवून बाजूला ठेवली. "तो त निदान गाडीत बसते. तू फुकट तमाशा पाहाले बसला. तेही मह्या वावरात."

तिनं चहाचं विचारलं नाही.

त्याच दिवशी तिनं दादाला फोन केला. देवीला जायचं आहे, गाडी घेऊन ये. दादा खूश. स्वतः चालवत आला, वहिनी नटून सोबत. मी अजून बांधावरच होतो. ताईनं आत शिरून पलंग पाहिला, आरसा पाहिला, संडासाचं दार उघडून पाहिलं. उतरताना किल्ली काढून पदराला बांधली.

"गाडी मह्या नावानं हाय ना, दादा? मंग मह्या वावरात राहीन. तुह्या नावानं करून घे अन् घेऊन जाय."

दादा भडकला. भावाशी असं वागतात का, लोक काय म्हणतील, सगळं झालं. मग माझ्याकडे बोट. "तुनंच भरवलं हिले!"

"हो," मी म्हणालो. "उशीरच केला."

दोघं बसनं परत गेले. वहिनीची पैठणी नेसून बसमध्ये बसायची ही पहिलीच वेळ असावी.

गाडी अजून तिथंच आहे. नावावर करून घ्यायची म्हणजे आमच्याकडचा टॅक्स भरायचा, आणि त्याहून वाईट, इतके दिवस मिरवलेली गाडी आपल्या नावावरच नव्हती हे भावकीला कळू द्यायचं. ते दादाला जमत नाही. ताई त्या शिडीनं टपावर चढून मिरच्या वाळवते.

विमा संपत आला तेव्हा एजंटला नदी ओलांडून तिच्याकडे जावं लागलं. मी होतो. त्यानं तीच पोथी उघडली. ज़ीरो डेप, इंजिन, आतलं सामान.

"मानसाले लागलं-दुखलं त त्याचं भरनारं कोनतं?" ताईनं विचारलं.

त्यानं दाखवलं.

"तेवढं ठेवा. बाकीचं काढा."

"पर मॅडम, आरसा..."

"आरसा फुटला त दुकानातून आनीन. मानूस कुठून आनू?" मग, "अन् कोनी विचारलं त सांगा, गाडी भाड्यानं जात नाही. मानानंही जात नाही."

मला तिनं एकच काम लावलं आहे. गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते, म्हणून दर रविवारी येऊन ती चालू करायची. मी जातो. चामड्याच्या खुर्चीत बसून इंजिन चालू करतो आणि थोडा वेळ तसाच बसतो. टपावरून एखादी मिरची काचेवर घसरत येते. दादा बोलत नाही, ताई कामापुरतंच बोलते.

"झालं असन त बंद कर," ती मेथीतून ओरडते. "डिझेल काय नारळाखालून येते का आता?"

मी बंद करतो आणि किल्ली तिच्या हातात नेऊन देतो.