थोरली, मधली, धाकटी आणि डावीकडचं मॅट

मुलुंड पूर्वेला नवघर रस्त्याच्या आसपास कुणाच्या डोक्यात गाडी घ्यायचं आलं, की तो माणूस आधी बँकेत जात नाही, श्यामकांत देवस्थळींकडे जातो. श्यामकांतरावांची एकतीस वर्षं विमा कंपनीत ठोकलेल्या गाड्या तपासण्यात गेली. गाडीभोवती एक फेरी मारली की मालक किती खोटं बोलतोय ते त्यांना कळायचं. निवृत्त झाल्यावर ठोकलेल्या गाड्या संपल्या, म्हणून त्यांनी आपला मोर्चा न ठोकलेल्या गाड्यांकडे वळवला. चौथ्या मजल्यावरचे मार्तंड सबनीस एकदा "लाल रंग कसा वाटतो?" एवढंच विचारायला आले होते. जेवायची वेळ होईपर्यंत श्यामकांतरावांनी त्यांना सस्पेन्शन समजावलं. सबनिसांनी शेवटी स्कूटर घेतली.

स्वतःच्या बाबतीत मात्र माणूस एकनिष्ठ. बाहेरून आखूड, आतून ऐसपैस, चाकांवर जरा उंच उभी राहणारी चौकोनी कुटुंबाची एसयूव्ही, तीही एकाच कंपनीची, एकाच नावाची. ते नाव मी सांगत नाही, कंपनी उगाच शेफारायची. पहिल्या पिढीची गाडी त्यांनी दोन हजार तेरा साली घेतली. सहा वर्षांनी दुसरी पिढी बाजारात आली तेव्हा पहिली देऊन दुसरी आणली. मुलगी ऋता तोवर लग्न होऊन नाशिकला गेली होती, त्यामुळे घरात मुलींची जागा मोकळीच होती. पहिलीला ते थोरली म्हणू लागले, दुसरीला मधली.

दोघींच्या नावाने एकेक जाड वही होती. थोरलीचं दार लावलं की 'धप्प' असा भरीव आवाज यायचा, मधलीचं 'टप्प' वाजायचं, हा फरक वहीत तारीखवार नोंदलेला होता. थोरलीत एसीचं बटण होतं, अंधारातही बोटाला सापडायचं. मधलीत ते काचेच्या पडद्यात गेलं आणि थंडी वाजली तरी चष्मा लावावा लागू लागला. मधलीला छपरात उघडणारी काच मिळत होती. श्यामकांतराव विक्रेत्याला म्हणाले, "अहो, सोसायटीचं छप्पर गळतं म्हणून मी तीन वर्षं भांडलोय. आता पैसे देऊन भोक कशाला पाडून घेऊ?"

पण खरी परीक्षा पाटाची. कुंदाताईंची, म्हणजे श्यामकांतरावांच्या पत्नीची, बहीण लता पेणला राहते आणि देवस्थळींचा गणपती दरवर्षी तिथल्याच कारखान्यातून येतो. मागच्या सीटवर पाट, पाटावर गणपती, असा तो थाटात मुलुंडला येतो. त्यामुळे गाडी घ्यायच्या आधी श्यामकांतराव घरातला शिसवी पाट शालीत गुंडाळून शोरूममध्ये नेत, मागच्या सीटवर ठेवत आणि त्यावर गवंड्याची पाणसळ लावून बुडबुडा कुठे जातो ते बघत. थोरलीत बुडबुडा बरोबर मध्ये थांबला होता. मधलीत तो जरा पळाला, तेव्हा पाटाखाली दोन टॉवेल घालायची तडजोड झाली. शोरूममधली पोरं तोंडावर हात धरून हसायची. पण सबनीस सांगतात, त्यानंतर त्यांच्यातल्याही दोघातिघांनी आपापल्या घरच्या पाटाची मापं घेतली.

एवढ्या लाडक्या गाडीत श्यामकांतरावांना एकच खोट सापडली होती, डावीकडच्या मॅटची. थोरली तीन वर्षांची झाली आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढचं मॅट, उजवी टाच टेकते तिथे, झिजून आरपार गेलं. भोक रुपयाएवढं. कंपनीने बदलून दिलं, तेही तिथेच झिजलं. श्यामकांतरावांनी कंपनीला पत्र लिहिलं : 'ड्रायव्हरच्या बाजूचे मॅट झिजले असते तर समजू शकलो असतो, तिथे पायांना काम असते. डावीकडे नुसता बसलेला माणूस मॅटला काय करणार?' कंपनीने नव्या पिढीत जाड रबराचं मॅट दिलं. मधलीतही चौथ्या वर्षी त्याच जागी तेच भोक. मग मात्र त्यांनी सिद्धांतच मांडला. इंजिनाची थरथर डाव्या अंगाने खाली उतरते आणि मॅटला आतून खाते. आकृती काढून त्यांनी तो कुंदाताईंना समजावला. त्या मटार सोलत होत्या.

"असेल," त्या म्हणाल्या.

वहीत लाल शाईने नोंद झाली : 'दोष आनुवंशिक.'

या वर्षी तिसरी पिढी आली. श्यामकांतरावांनी मधली बोरिवलीच्या पुतण्याला, श्रेयसला, मॅटबद्दल बजावून देऊन टाकली आणि धाकटीचं बुकिंग केलं. गणपतीच्या आधी गाडी दारात हवी होती. आणि नेमकं तेव्हाच लायसन्सच्या नूतनीकरणासाठी डोळे तपासून घ्यायची वेळ आली.

ते एकटेच गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून बोलल्या. काचबिंदू. समोरचं नीट दिसतंय, पण दोन्ही बाजूंचं मिटत चाललंय. "औषधाने आहे तेवढं टिकेल, काका. गाडी मात्र आता चालवायची नाही. मी सर्टिफिकेटवर सही करणार नाही."

"घर ते बाजार?" श्यामकांतरावांनी विचारलं.

"नाही."

"सोसायटीच्या आत? पार्किंगपुरती?"

"काका!"

घरी येऊन त्यांनी "उत्तम आहेत डोळे, नुसते थेंब दिलेत" असं सांगितलं आणि खाली आपल्या रिकाम्या पार्किंगपाशी जाऊन उभे राहिले. मोटारीचा माणूस अशी त्यांची चाळीस वर्षांची ओळख. आता कुणाच्या तरी गाडीत पिशवी मांडीवर घेऊन बसायचं, हा विचार त्यांना सोसवेना. त्यांना भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली, जणू काही आपणच कुठेतरी गाडी ठोकून आलोय. हे कुंदाला सांगायचं कसं, ते त्यांना काही केल्या सुचेना.

मग त्यांनी ते धाकटीच्या माथी मारायचं ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून, शोरूममध्ये बघितलेल्या गाडीवरून, तिच्या वहीत दोष उगवू लागले. धाकटी बोलते फार. बेल्ट लावला नाही की ओरडते, रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला की ओरडते. तिचे दिवे डोळे वटारल्यासारखे दिसतात. दाराचा आवाज आता 'टप्प'सुद्धा येत नाही, नुसता 'टिक्' येतो. पाट ठेवला तर बुडबुडा थेट कोपऱ्यात जाऊन बसतो. सत्ताविसाव्या दोषावर त्यांनी वही मिटली आणि जाहीर केलं, "तिसऱ्या पिढीत घराणं बिघडलं. बुकिंग रद्द."

"मग गणपती?" कुंदाताईंनी विचारलं.

"इथूनच घेऊ एखादा. मुलुंडात काय कमी गणपती आहेत?"

कुंदाताई म्हणजे भांडुपच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाई, वर्गात आधी कधी बोलायचं आणि मागून कधी, हे त्यांना ठाऊक होतं. त्या फक्त रोज पहाटे सहाला फिरायला जाऊ लागल्या. तासाभराने परत यायच्या, आणि बुटांना धुळीचा कणसुद्धा नसायचा. एरवी अशी गोष्ट श्यामकांतरावांच्या नजरेतून सुटली नसती, पण ते दिवस वेगळे होते.

महिन्याभराने एका रविवारी दोघं बुकिंग रद्द करायला एलबीएस रोडवरच्या शोरूममध्ये गेले. तिथला विक्रेता प्रज्योत त्यांना मधलीपासून ओळखत होता. "काय काका, रद्द? आईशप्पथ, तुम्ही पण ना! अहो, एकदा चालवून तर बघा. मग नाय आवडली तर मी स्वतः कॅन्सल करतो, प्रॉमिस."

"चालवायची नाही मला," श्यामकांतराव वही उघडत म्हणाले. "इथे सगळं लिहून आणलंय."

"मी चालवते," कुंदाताई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं.

श्यामकांतराव बघतच राहिले. कुंदाकडे लायसन्स आहे हे त्यांना माहीत होतं, जसं माळ्यावर पितळी घंगाळ आहे हे माहीत असतं. "तू? अगं, गाडी नवी आहे."

"थोरलीपण नवीच होती. सहा वर्षं नवी होती. मग मधली नवी झाली. बसा तुम्ही."

अशा रीतीने श्यामकांत देवस्थळी आपल्या लाडक्या गाडीच्या डाव्या सीटवर आयुष्यात पहिल्यांदा बसले. बेल्टसाठी त्यांनी सवयीने उजव्या खांद्यामागे हात नेला. तिथे बेल्ट नव्हता, प्रज्योतचं नाक होतं, कारण तो मागच्या सीटवरून पुढे वाकला होता. कुंदाताईंनी सीट पुढे घेतली, आरसे जुळवले आणि गाडी एलबीएसवर काढली, ती अगदी अलगद.

पहिल्याच सिग्नलपाशी एक रिक्षा आडवी आली. श्यामकांतरावांचा उजवा पाय सटकन खाली गेला. कुंदाताईंनी ब्रेक लावला, रिक्षा गेली. पुढे गोरेगाव-मुलुंड लिंक रोडवर एक बस अंगावर आली, पुन्हा पाय खाली. हायवेला लागताना एक टँकर भसकन बाजूला आला. तो श्यामकांतरावांना फार उशिरा दिसला, आणि पाय असा दाबला गेला की पोटरीत गोळाच आला. टँकर कुंदाताईंनी केव्हाच हेरला होता. त्या आरामात त्याच्या मागे राहिल्या.

पोटरी चोळायला श्यामकांतराव वाकले, आणि तसेच वाकून राहिले. त्यांची उजवी टाच मॅटमध्ये रुतली होती. ती जागा ते झोपेतही ओळखू शकले असते. त्यांनी तिचं माप घेतलं होतं, आकृती काढली होती, कंपनीला तीन पत्रं लिहिली होती.

भांडुप मागे पडल्यावर ते म्हणाले, "कुंदा, ते मॅट..."

"बारा वर्षं," कुंदाताई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "पेणच्या घाटात तर दोन्ही पायांनी."

"पेणला घाट कुठे आहे?"

"तुम्ही चालवत असलात की असतो."

मागे प्रज्योत खिडकीबाहेर मन लावून बघू लागला.

"मला सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही रस्ता सोडून माझ्याकडे वळून वाद घातला असता. त्यापेक्षा मॅट गेलेलं बरं." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "आणि तुम्ही सांगितलंत का मला डोळ्यांचं? धाकटीच्या वहीत खुणेला चिठ्ठी कुठली ठेवलीय, बघितलंत का तरी? डॉक्टरांचीच आहे ती. बुकिंग रद्द म्हणालात, त्याच दिवशी वाचली मी. दुसऱ्या दिवसापासून नव्वद फुटी रस्त्यावर मोटार स्कूल लावली. एवढं घाबरलात, आणि एकटेच घाबरत बसलात?"

श्यामकांतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा दोष त्यांनी धाकटीच्या एसीला दिला, तोही मनातल्या मनात. एका बाईने बारा वर्षं आपल्या शेजारी बसून दर फेरीला जीव मुठीत धरला, तरी पुढच्या शनिवारी पुन्हा डबे भरून गाडीत येऊन बसली. सबंध मुलुंडच्या गाड्या पारखणाऱ्या आपल्याला हे दिसलं नाही, आणि तेव्हा तर डोळे चांगले होते.

विषय बदलायला प्रज्योतने धंद्याचं काढलं. "मॅडम, हिच्यात एक झकास फीचर आहे. समोर अचानक कुणी आलं ना, तर गाडी स्वतःच ब्रेक मारते."

"म्हणजे माझ्या जागेवर भरती झाली म्हणा," कुंदाताई म्हणाल्या. मग सगळ्यात आधी श्यामकांतरावच हसले, इतके की त्यांना चष्मा काढावा लागला.

विक्रोळीच्या पुलाखालून वळून त्या परत मुलुंडला आल्या. शोरूमच्या आवारात गाडी लावताना एका दमात आत गेली. श्यामकांतरावांनी उतरून चाकाचं अंतर बघितलं, दोन्हीकडे सारखं होतं. हे त्यांना मधलीत सहा वर्षांत चार वेळा जमलं होतं, वहीत तशी नोंद आहे.

प्रज्योतने भीतभीत विचारलं, "मग काका, रद्द?"

श्यामकांतरावांनी वही उघडली. डॉक्टरांची चिठ्ठी काढून कुंदाताईंच्या हातात दिली आणि सत्तावीस दोषांवरून आडवी रेघ मारली. पाटाच्या दोषापाशी ते थोडे थांबले, कारण बुडबुडा खरोखरच कोपऱ्यात जात होता.

"पाटाचं काय करायचं?" कुंदाताईंनी विचारलं.

"पाट कशाला? मी बसणार आहे ना डावीकडे. मांडीवर घेईन मी गणपती," ते म्हणाले. इतक्या वर्षांत हे कधी सुचलं नव्हतं, कारण त्यांची मांडी कधी मोकळीच नसायची.

प्रज्योतने घाईघाईने फॉर्म पुढे ओढला, उगाच मन बदलायला नको म्हणून. रंग लिहिला, तारीख लिहिली, गणपतीच्या आठ दिवस आधीची. "बरं, बाकी काही एक्स्ट्रा? सीट कव्हर, परफ्यूम?"

"मॅट," श्यामकांतराव म्हणाले. "डावीकडचं एक जास्त द्या."

"डावीकडचं? ते कशाला काका, ते थोडंच खराब होतंय?"

"होतं," श्यामकांतराव म्हणाले, आणि खुर्चीखाली आपली दुखरी पोटरी चोळू लागले.